वाचकांचे प्रश्न : भंगारात सापडलेला बेंच व्हाइस

प्रश्न : रबाळे येथील भंगाराच्या एका गोदामातून मी पाच इंची जबड्याचा जुना बेंच व्हाइस (टेबलावर बसवून वस्तू घट्ट धरण्याचा शिकंजा) किलोच्या भावाने घेतला. त्याचा स्क्रू पूर्ण जाम झाला आहे, अंगावर रंगाचे अनेक थर आहेत आणि जबड्याच्या एका पट्टीचा स्क्रू गहाळ आहे. त्या जागी ८ मिलिमीटरचा नवा स्क्रू बसवून पाहिला, तर तो दोन-तीन आटे जाऊन अडकतो. हा व्हाइस दुरुस्त करण्याच्या योग्यतेचा आहे का, आणि असल्यास सुरुवात कोठून करावी? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : गंज, रंग आणि गहाळ स्क्रू यांवरून व्हाइसची योग्यता ठरवू नये, कारण या तिन्ही गोष्टींवर इलाज आहे, योग्यता ठरते ती त्याच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, अंगावरून. बीड दाब उत्तम सोसते, पण ताण आणि फटका सोसत नाही. त्यामुळे हँडलवर पाइप चढवून आवळलेल्या किंवा घणाचे घाव सोसलेल्या व्हाइसला बहुधा ठरावीक जागीच तडा जातो. स्थिर जबड्याच्या बुडाशी, हलणाऱ्या जबड्याच्या मानेशी आणि बैठकीच्या बोल्टच्या छिद्रांभोवती तो आधी शोधावा. अशा जागा तारेच्या ब्रशने स्वच्छ करून त्यांवर रॉकेल किंवा डिझेल लावावे, थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे आणि वर खडूची पूड चोळावी. तडा असेल तर आत मुरलेले तेल पुन्हा बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. एखाद्या जागी पितळी रंगाची रेघ दिसली, तर तेथे पूर्वी पितळेचा जोड दिलेला आहे असे समजावे. असा व्हाइस कानस आणि करवतीच्या हलक्या कामाला चालतो, ठोकाठोकीला चालत नाही.

अंग शाबूत असेल, तर आपण केलेली खरेदी चांगली आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. एमआयडीसीची स्थापना १९६२ साली झाली आणि तिच्या अगदी पहिल्या औद्योगिक वसाहतींत ठाण्याच्या वागळे इस्टेटचा समावेश होतो. पुढे ठाणे-बेलापूर पट्टा उभा राहिला. यांपैकी अनेक कारखान्यांच्या जागी आज कार्यालयांच्या इमारती आहेत आणि त्यांची अवजड हत्यारे भंगारात गेली आहेत. तेथे त्यांचे मोल फक्त वजनावर होते, हे पाहून वाईट वाटते. म्हणून कोणी एखादे हत्यार वितळण्यापासून वाचवले की मला मनापासून आनंद होतो.

आता जाम झालेल्या स्क्रूविषयी. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांमधली सगळी फट भरून जाते. येथे जोर कामाचा नाही, मुरू देणे कामाचे आहे. व्हाइस उलटा ठेवून नट आणि स्क्रू जेथे भेटतात तेथे गंज सोडवणारे तेल घालावे; ते नसल्यास अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचे पातळ तेल म्हणजे एटीएफ समप्रमाणात मिसळून वापरावे. हे मिश्रण ज्वालाग्राही असते, म्हणून ते लावलेले असताना जवळपास ज्योत किंवा ठिणगी नसावी. रोज तेल घालून, स्क्रूच्या टोकावर लाकडाचा किंवा पितळेचा तुकडा धरून हलके ठोके द्यावेत आणि हँडल आधी किंचित आवळण्याच्या दिशेने, मग सोडण्याच्या दिशेने फिरवावे. एकाच दिशेने रेटत राहिल्यास सुटलेला गंज पुढे आट्यांत दाटतो. गॅसच्या ज्योतीने एकाच जागी तापवणे टाळावे, कारण असमान उष्णतेने बीड तडकते.

स्क्रू सुटला की हलणारा जबडा पुढे ओढून बाहेर काढता येतो. सुटे भाग कोणत्या क्रमाने निघाले याची छायाचित्रे काढून ठेवावीत. वॉशर, स्प्रिंग आणि पिन यांचा क्रम नंतर हमखास चुकतो. स्क्रूचे आटे चौकोनी किंवा समलंब असतात. झिजून त्यांना धार आली असेल, किंवा नटात घातलेला स्क्रू पुढेमागे बराच हलत असेल, तर वागळे इस्टेट किंवा तुर्भे परिसरातील एखाद्या लेथवाल्या टर्नरकडून नवा नट करून घ्यावा. हा खर्च करण्यासारखा आहे.

गंज काढण्यासाठी विजेची पद्धत मला सर्वांत सौम्य वाटते, कारण तिच्यात चांगले लोखंड झिजत नाही. प्लास्टिकच्या टपात पाणी घेऊन दर चार-पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालावा, १२ व्होल्टच्या चार्जरचे ऋण टोक व्हाइसच्या भागाला आणि धन टोक लोखंडाच्या निरुपयोगी पत्र्याला जोडावे, आणि दोहोंचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नये. पत्रा स्टेनलेस स्टीलचा मुळीच नसावा, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून हे काम उघड्यावर करावे. भाग बाहेर काढताच धुऊन, पूर्ण वाळवून तेल लावावे; खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत उघडे लोखंड फार लवकर पुन्हा तांबूस होते.

जुना रंग कोरडा घासू नये. रंगातील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम भारतात २०१७ साली लागू झाला आणि तोही घरगुती व सजावटीच्या रंगांसाठी. कारखान्यातील जुन्या थरांत शिसे असणारच असे धरून चालावे. रंग ओला ठेवून खरवडावा, मास्क वापरावा आणि लहान मुलांना दूर ठेवावे. नंतर रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर एनॅमल रंग पुरेसा आहे. सरकणाऱ्या पृष्ठभागांना मात्र रंग लावू नये, तेथे तेलाचा पातळ थर असावा. आट्यांना ग्रीस द्यावे.

जबड्याच्या पट्टीचा नवा स्क्रू अडकतो, त्याचे कारण बहुधा व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे, आटे हे आहे. जुन्या इंची व्हाइसमध्ये ५/१६ इंची स्क्रू असत. त्यांचा व्यास ७.९४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ८ मिलिमीटरच भरतो. परंतु त्यांना इंचात १८ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर १.४१ मिलिमीटर होते, तर ८ मिलिमीटरच्या मेट्रिक स्क्रूत ते १.२५ असते. म्हणूनच तो सुरुवातीला जातो आणि मग अडकतो. त्याला जोराने फिरवल्यास बिडातील मूळ आटे फाटतील. हार्डवेअरच्या दुकानात ५/१६ व्हिटवर्थ, खोलगट डोक्याचा, असे स्पष्ट सांगून मागावा आणि आधी हाताने फिरवून पाहावा.

प्रश्न : माझ्या व्हाइसच्या जबड्यांच्या पट्ट्यांवरील खाचा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. कानशीने नव्या खाचा पाडता येतील का? — एक वाचक, कळवा

उत्तर : मूळ पट्ट्या कडक केलेल्या पोलादाच्या असतात आणि त्यांवर कानस घसरते. पट्ट्या बदलता येतात, पण आपण मुख्यतः पितळ, अॅल्युमिनियम किंवा लाकूड धरत असाल, तर गुळगुळीत पट्ट्याच अधिक सोयीच्या आहेत, कारण त्यांचे व्रण कामावर उमटत नाहीत.

प्रश्न : टेबलावर व्हाइस किती उंचीवर आणि कोठे बसवावा? — एक वाचक, नेरूळ

उत्तर : सरळ उभे राहून कोपर दुमडल्यावर ते जेथे येते, त्या पातळीला जबड्यांचा वरचा काठ असावा. स्थिर जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर येईल असा व्हाइस बसवावा, म्हणजे लांब पट्टी उभी धरता येते. लाकडी स्क्रू वापरू नयेत. फळीच्या आरपार जाणारे बोल्ट आणि खालून रुंद वॉशर घ्यावेत, आणि शक्यतो टेबलाचा पाय थेट व्हाइसच्या खाली येईल अशी जागा निवडावी.