वाचकांचे प्रश्न : पायाने चालणारी सिरिंज

प्रश्न : सोनोग्राफीत बघून भूल देताना डॉक्टरांचा एक हात प्रोबवर (अंगावर टेकवायच्या सोनोग्राफीच्या दांड्यावर) आणि दुसरा सुईवर असतो. दट्ट्या दाबायला आणखी एक माणूस लागतो. तो दट्ट्या पायातल्या पेडलने, मोटरवर चालवायचा असा आमच्या चौघांचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे. १० मिलीची सिरिंज, नेमा १७ मापाची स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी) आणि थ्रीडी प्रिंटरमध्ये असतो तसा ८ मिमी लीडचा स्क्रू घेतला आहे. निवड बरोबर आहे का?
— विद्यार्थी गट, नांदेड

उत्तर : मोटर ठेवा, स्क्रू बदला. ८ मिमी लीडचा स्क्रू एका फेऱ्यात नट ८ मिमी सरकवतो आणि वीज गेली की मागच्या दाबाने उलटा फिरू शकतो. त्याच व्यासाचा २ मिमी लीडचा स्क्रू मिळतो. तो वीज नसतानाही जागच्या जागी राहतो, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही.

१० मिलीच्या सिरिंजचा आतला व्यास साधारण १४.५ मिमी असतो, पण कंपनीगणिक फरक पडतो. म्हणून व्यास गृहीत धरू नका. सिरिंजवरच्या ० ते १० मिली खुणांमधलं अंतर पट्टीने मोजा. ते ६० मिमी भरलं, तर दट्ट्या १ मिमी सरकला की सुमारे ०.१७ मिली औषध जातं आणि स्क्रूच्या एका फेऱ्यात ०.३३ मिली. सेकंदाला ०.२ मिली द्यायचं तर मोटर मिनिटाला ३६ फेरे फिरली तरी पुरे. हिशेब पडताळायला ०.०१ ग्रॅम दाखवणारा सराफी काटा घ्या, ५ मिली पाणी दहा वेळा सोडून वजन करा. सिरिंजची कंपनी बदलली की पुन्हा मोजा.

आता खरी अडचण. माणसाच्या अंगठ्याला सुईपुढचा अडथळा कळतो, मोटरला कळत नाही. ०.४ न्यूटन-मीटरची मोटर २ मिमी लीडच्या स्क्रूवर, घर्षण वजा जाता, दट्ट्यावर ३५ किलोच्या आसपास रेटा देऊ शकते. मज्जातंतूजवळ (नर्व्हजवळ) भूल देताना १५ पीएसआयच्या (दाबाचं एकक, पौंड प्रति चौरस इंच) वरचा दाब धोक्याची खूण मानतात, कारण सुईचं टोक मज्जातंतूच्या आत असू शकतं. १० मिलीच्या सिरिंजवर १५ पीएसआय म्हणजे जेमतेम पावणेदोन किलो! त्यामुळे दट्ट्या आणि ढकलणारा ठोकळा यांच्यामध्ये १० किलोचा लोड सेल (रेटा मोजणारा सेन्सर) बसवाच. हे यंत्राचं सगळ्यात महत्त्वाचं अंग आहे, शोभेची भर नव्हे. रबराचं घर्षण आणि सुईतून जाताना लागणारा दाबही त्या आकड्यात मिसळतो. आधी त्याच सुईने, त्याच वेगाने पाणी हवेत सोडून आकडा नोंदवा आणि मर्यादा त्याच्या वर मोजा. शिवाय ड्रायव्हरचा (मोटरला वीज देणाऱ्या सर्किटचा) करंट इतका उतरवा की मोटर ७-८ किलोला स्वतःच अडेल. सॉफ्टवेअर चुकलं तरी लोड सेल वाचतो; रुग्णाला मात्र ७-८ किलोही जास्तच, त्याच्यासाठी लोड सेलवरची मर्यादाच हवी.

लोड सेल वाचायला एचएक्स७११ मॉड्यूल वापरणार असाल तर एक खाचखळगा आहे. ते सहसा सेकंदाला १० च वाचनं देतं. प्रोग्रॅममध्ये दहा वाचनांची सरासरी घेतली की दाब वाढल्याचं कळायला सेकंद जातो, तोवर ०.२ मिली औषध आत गेलेलं असतं. त्याची रेट पिन वरच्या व्होल्टेजला जोडली की ८० वाचनं मिळतात. पुष्कळ मॉड्यूलवर ती पिन बोर्डावरच ग्राउंडला जोडलेली असते, ती सोडवावी लागते.

प्रश्न : शिलाई मशीनचं पेडल वापरलं तर चालेल का? स्वस्त आणि मजबूत मिळतं.
— वाचक, परभणी

उत्तर : सांगाडा आणि स्प्रिंग वापरा, आतलं सगळं काढून टाका. ते २३० व्होल्टवर चालतं, आणि शस्त्रक्रियागृहाची फरशी ओली असते. आत १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (फिरवल्यावर व्होल्टेज बदलणारा रेझिस्टर) बसवून ५ व्होल्ट द्या.

पण नुसता पोटेन्शिओमीटर घातक आहे. त्याची ग्राउंडची वायर तुटली की बोर्डाला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात, म्हणजे पाय उचललेला असताना मोटर पूर्ण वेगाने पळते. पायाखालच्या वायरी तुटणारच, हे धरून चाला. पेडलच्या आतच दोन्ही टोकांना १-१ किलोओहमचा रेझिस्टर लावा. मग चांगल्या पेडलचं वाचन साधारण ०.४ ते ४.६ व्होल्टमध्येच राहतं, त्याबाहेर गेलं की मोटर बंद. वाचन बोर्डाकडे नेणारी मधली वायर तुटली तर काय? त्यासाठी बोर्डाच्या बाजूला ४७० किलोओहमच्या रेझिस्टरने ती ग्राउंडला ओढून ठेवा. याशिवाय पाय उचलताच ड्रायव्हरचा एनेबल (मोटर चालू ठेवणारा सिग्नल) तोडणारा वेगळा स्विच हवा.

यंत्र चालू करताना किंवा वीज परत आल्यावर पाय पेडलवरच असेल, तर काहीही हलता कामा नये. एकदा पाय उचलून पुन्हा दाबल्यावरच सुरुवात. वैद्यकीय उपकरणांच्या आयईसी ६०६०१-१ मानकात पेडलने १३५० न्यूटनचा भार सोसावा आणि शस्त्रक्रियागृहात ते आयपीएक्स६ दर्जाचं, म्हणजे जोराच्या पाण्यातही टिकणारं असावं, अशी अट आहे. शिलाईचं पेडल त्यात बसणार नाही. प्रयोगशाळेपुरतं ठीक.

प्रश्न : पाय उचलल्यावरही सुईतून थेंब येत राहतात. प्रोग्रॅम बरोबर आहे.
— विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : प्रोग्रॅममध्येही एकदा बघाच. मोटर हळूहळू थांबवण्याचा उतार ठेवला असेल तर काढा, एवढ्या कमी वेगाला त्याची गरज नाही. पण बहुधा दोष साठलेल्या दाबाचा असतो. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा दबतो, मऊ नळी फुगते, सिरिंज धरणारा प्रिंट केलेला भाग वाकतो. मोटर थांबली की हे सगळं पूर्ववत होतं आणि औषध ढकलत राहतं. हवा पूर्ण काढा, नळी आखूड आणि कडक घ्या, सिरिंजची धारकपट्टी ॲल्युमिनियमची करा. पीएलएचा (थ्रीडी प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकचा) भाग असाही नको. तो ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि मे महिन्यात लातुरात बंद गाडीत ठेवलेली पेटी सहज तिथवर तापते. शेवटचा उपाय म्हणून थांबताना दट्ट्या ०.३ मिमी मागे घ्या, त्याहून जास्त नको. नाहीतर सुईत रक्त ओढलं जातं आणि खरोखर शिरेत सुई गेल्याची खूण ओळखता येत नाही.

प्रश्न : ओळखीचे डॉक्टर एका रुग्णावर वापरून बघायला तयार आहेत. बघावं का?
— विद्यार्थी गट, बीड

उत्तर : नाही. डॉक्टरांची तयारी पुरेशी नाही. वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ प्रमाणे चाचणीसाठी उपकरण बनवायलाही एमडी-१३ परवाना लागतो, आणि माणसावरच्या चाचणीला नैतिकता समितीची संमती व वेगळी परवानगी लागते. तोवर जिलेटिनचा ठोकळा किंवा चिकनचा तुकडा प्रोबखाली ठेवून त्याच डॉक्टरांना चालवायला द्या. पेडल कुठे सरकतं, पाय कुठे अवघडतो, मान किती वेळा खाली जाते, हे लिहून काढा.