चाळिशीतल्या जलतरणपटूची वेळ सुधारली तर डोपिंगचा संशय घ्यावा का?

तुम्ही विचारलं आहे की अमेरिकेची दारा टोरेस ऑलिंपिकच्या ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३३व्या वर्षी सिडनीत जेवढ्या वेगाने पोहली, त्याहून ४१व्या वर्षी बीजिंगमध्ये अर्ध्या सेकंदाहून जास्त वेगाने पोहली, हे औषधांशिवाय होऊ शकतं का. होऊ शकतं. ती शंभर टक्के स्वच्छ होती असं मात्र कोणतीही चाचणी सिद्ध करू शकत नाही, कारण चाचणी फक्त दोषी पकडते. म्हणून वय हा एकच मुद्दा धरून बसू नका. शर्यत कोणती आणि वर्षागणिक वेळा कशा बदलल्या, हे आधी तपासा.

वयाबरोबर आधी घसरतात त्या दोन गोष्टी: हृदयाची कमाल गती, म्हणजे पर्यायाने ऑक्सिजन वापरण्याची क्षमता, आणि सरावानंतर शरीर भरून येण्याचा वेग. ५० मीटर फ्रीस्टाइल २४ सेकंदांत संपते. त्यात बहुतेक ऊर्जा स्नायूंत आधीच साठवलेली असते आणि सूर, पाण्याखालचा टप्पा, हाताची पकड यांवर खूप काही ठरतं. म्हणूनच उतारवयातले विजेते जवळपास सगळे याच अंतरात दिसतात. अमेरिकेच्या अँथनी एर्विनने २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये ३५व्या वर्षी २१.४० सेकंदांत सुवर्ण घेतलं. ब्राझीलच्या निकोलस सांतोसने २०२२ मध्ये मेलबर्नला ४२व्या वर्षी ५० मीटर बटरफ्लायचं जागतिक विजेतेपद मिळवलं, तेही २५ मीटरच्या तलावात, जिथे मधल्या वळणामुळे पाण्याखालच्या लाथांचा फायदा दोनदा मिळतो. एखादी ४१ वर्षांची खेळाडू ८०० मीटरमध्ये स्वतःची सर्वोत्तम वेळ देऊ लागली, तर माझ्या भुवया नक्की उंचावतील.

टोरेसने बीजिंगसाठी १०० मीटरचीही पात्रता मिळवली होती, पण वैयक्तिक शर्यत सोडली. आठवड्याला पाचच वेळा पोहायचं आणि उरलेला वेळ ताकद, स्नायू ताणून मोकळे करणारे मदतनीस आणि मसाज यांवर घालवायचा, अशी तिची आखणी होती. त्या मदतनीसांवर वर्षाला किमान एक लाख डॉलर खर्च होत असे. शरीर लवकर भरून येण्यासाठी काही जण औषधं घेतात, ती बाजू तिने पैशाने सांभाळली. बहुतेक खेळाडूंना हे परवडणारं नाही.

आता तिच्या वेळा पाहा. २००० मध्ये २४.६३, २००७ मध्ये २४.५३, २००८ मध्ये २४.०७. पहिल्या सात वर्षांत दहा शतांश, मग एका वर्षात ४६ शतांश. संशय घेणारे या दुसऱ्या उडीवरच बोट ठेवतात आणि त्यांचं चुकत नाही. पण फेब्रुवारी २००८ मध्ये स्पीडो कंपनीचा एलझेडआर हा वेग वाढवणारा पोहण्याचा पोशाख आला. महिलांचा ५० मीटरचा विश्वविक्रम २००० पासून २४.१३ वर अडला होता. मार्च २००८ मध्ये तो आठवड्याभरात आधी २४.०९ आणि मग २३.९७ वर आला. सगळ्यांच्याच वेळा एकदम खाली आल्या होत्या. २०१० पासून ते पोशाख बंद झाले. २०१२ च्या अमेरिकन निवड चाचणीत ४५ वर्षांची टोरेस साध्या कापडी पोशाखात २४.८२ देऊन चौथी आली. हा आलेख मला पोशाख आणि वय या दोन्हींशी जुळणारा वाटतो.

याउलट आयर्लंडची मिशेल स्मिथ. १९९६ मध्ये अटलांटात तिने तीन सुवर्णपदकं घेतली तेव्हा ती २६ वर्षांची होती. लोक साशंक झाले ते एकाहून अधिक शर्यतींत, ४०० मीटरसकट, तिच्या वेळा कमी काळात धडाधड खाली आल्या म्हणून. १९९८ मध्ये घरी घेतलेल्या तिच्या नमुन्यात प्यायल्यास जीवघेणं ठरेल इतकं मद्य सापडलं आणि नमुन्यात छेडछाड केल्याबद्दल चार वर्षांची बंदी आली. तिने आरोप नाकारले. अटलांटाची पदकं तिच्याकडेच राहिली.

पुनरागमन करूनही वेळ सुधारते, याचं आपल्याकडचं उदाहरण कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं. तहसीलदारकी करून परत पाण्यात उतरलेल्या वीरधवलने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत कांस्य एका शतांशाने हुकलं. त्याच्या जुन्या विक्रमापेक्षा सुधारणा होती ९ शतांशांची. प्रामाणिक सुधारणा बहुधा एवढ्याच मापाची असते.

चाचण्यांकडे वळू. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक आणि त्याचंच जवळचं रूप एपिटेस्टोस्टेरॉन यांचं लघवीतलं गुणोत्तर ४ च्या वर गेलं की नमुना कार्बन समस्थानिकांच्या (कार्बनच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंच्या) तपासणीला जातो. कारखान्यातलं टेस्टोस्टेरॉन सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून बनतं, त्यात कार्बन-१३ किंचित कमी असतो, तिथे चोरी उघडी पडते. अडचण अशी की थोड्या मात्रेत, त्वचेला लावायच्या जेलमधून घेतलं तर खुणा लवकर पुसल्या जातात.

ग्रोथ हार्मोनच्या तपासणीत तर वय सरळ सूत्रात बसवलेलं आहे. ग्रोथ हार्मोन घेतल्यावर रक्तात वाढणाऱ्या आयजीएफ-१ आणि पी-३-एनपी या दोन खुणांवरून गुण काढतात (गुण जास्त तर संशय जास्त) आणि महिलांसाठी त्यातून ७३.६६६ भागिले वय एवढा आकडा वजा करतात. वय २० असेल तर ३.६८ वजा होतात, ४१ असेल तर फक्त १.८०. म्हणजे रक्तातले आकडे तेच असले तरी चाळिशीतल्या बाईचा गुण १.८९ ने जास्त येतो, कारण आयजीएफ-१ वयाबरोबर उतरायला हवा. ही तपासणी लंडन २०१२ पासून वापरात आली. बीजिंगच्या वेळी हाताशी होती ती जेमतेम एक-दोन दिवसांपूर्वीची मात्रा पकडणारी पद्धत. त्यामुळे टोरेस अमेरिकी उत्तेजकविरोधी संस्थेच्या जादा रक्त-लघवी चाचण्यांच्या योजनेत स्वतःहून सामील झाली, याचं मोल आहे, पण त्यालाही मर्यादा होती.

रक्ताच्या जैविक पासपोर्टमध्ये खेळाडूची तुलना त्याच्याच जुन्या आकड्यांशी होते. हिमोग्लोबिनमधून (ग्रॅम प्रति लिटर) नव्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीच्या वर्गमुळाची ६० पट वजा करतात; आकडा नेहमीपेक्षा खूप चढला तर संशय येतो. १५० आणि १ टक्का असेल तर ९०. रक्त चढवल्यावर १६५ आणि ०.४ टक्के झालं तर साधारण १२७. पण याचा उपयोग मुख्यतः लांब अंतराच्या खेळाडूंबाबत. ५० मीटरवाल्याला रक्त वाढवून फारसं काही मिळत नाही.

तुम्हाला स्वतः एखाद्याचा आलेख काढायचा असेल तर फक्त ५० मीटर तलावातल्या वेळा घ्या. २५ मीटरच्या तलावातल्या वेळा त्यात मिसळल्या की नसलेली सुधारणा दिसते. त्या पोशाखांची २००८ आणि २००९ ही वर्षं वेगळी काढा. मग सुधारणा सुरुवातीच्या १५ मीटरमध्ये आहे की शेवटच्या २५ मध्ये, ते बघा. सूर सुधारला असेल तर कारण तंत्रात सापडतं. दमायच्या टप्प्यात वेग वाढला असेल तर जास्त प्रश्न विचारा.

तुम्ही स्वतः मास्टर्स (प्रौढांच्या) गटात पोहत असाल आणि स्पर्धेला ‘वाडा’चे, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेचे, नियम लागू असतील, तर घरातल्या गोळ्या आधी तपासा. रक्तदाबाच्या गोळीत टेल्मिसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल तर ते मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, म्हणून बंदीत येतं. इन्सुलिनला वैद्यकीय सूट लागते. दम्यासाठीचा सालब्युटामॉलचा पंप २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कुठल्याही ८ तासांत ६०० पर्यंत चालतो. केवळ वयामुळे उतरलेल्या टेस्टोस्टेरॉनसाठी सूट मिळत नाही, डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तरीही.