पाटी, पाव आणि राजीनामा

"प्रिय मावशी, इस्रायलच्या दक्षिणेत शोआतून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून, वाचलेल्या वृद्धांसाठी एक डे सेंटर आहे. आठ महिन्यांपासून मी त्याची प्रमुख आहे. मी बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंपैकी, आईबाबा साठच्या दशकात अलिबागकडून इकडे आले. आमच्याकडे एक आजी जेवणानंतर रोज पर्समध्ये पावाचे तुकडे भरायच्या. मुंग्या झाल्या, त्यात तपासणी जवळ आलेली, म्हणून मी 'अन्न बाहेर नेऊ नये' अशी पाटी लावली. तीन आठवडे झाले, आजी आलेल्या नाहीत. मागच्या आठवड्यात पोलंडच्या एका बाई लिबियातल्या बेनगाझीच्या आजोबांना सगळ्यांदेखत म्हणाल्या, 'तुम्ही कुठे होतात छावणीत?' मी मध्ये पडले, तर त्या बाईंची लेक माझ्यावरच घसरली: 'तुमच्या घरातलं कोण गेलं? तुम्हाला काय कळणार!' मला झोप नाही. राजीनामा लिहून ठेवलाय. देऊ का?"

पोरी,

राजीनामा खणात राहू दे. आधी पाटी काढ.

तो पाव आजी खातही नसतील. पण तेव्हाची उपासमार आठवते, म्हणून पर्समध्ये आहे म्हटलं की त्यांची रात्र नीट जात असेल. तू मुंग्यांचा बंदोबस्त करायला गेलीस आणि नेमका त्यांच्या झोपेवर हात पडला. तुझ्या मनात वाईट काही नव्हतं हे मला कळतं, त्यांना कळायचं कारण नाही. उपाय स्वस्त आहे. रोज निघताना सगळ्यांनाच, मागो न मागो, कागदी पिशवीत ताजा पाव द्यायचा. सगळ्यांना दिला की लपवायला कोणाला लागत नाही, आणि तपासणीवाल्यांनाही दाखवता येतं.

असंच बाकीचं सेंटर एकदा त्यांच्या डोळ्यांनी फिरून बघ. जेवणाला टोकन देऊन नंबर पुकारता का? बंद करा, नावाने बोलवा. आउश्वित्झच्या नाझी छावणीत माणसाच्या हातावर नंबर गोंदत होते. आंघोळ घालणारी बाई न सांगता शॉवर सोडते का? तिथे विषारी वायूच्या खोल्या शॉवरच्या म्हणून दाखवत. आधी नळ दाखवायचा, पाणी त्यांच्या हातावर घ्यायचं, दार किती उघडं ठेवायचं ते त्यांना विचारायचं. दाराशी गणवेशातला रखवालदार असेल तर त्याला साध्या शर्टात बसव. योम हशोआच्या, म्हणजे शोआच्या स्मृतिदिनाच्या, सकाळी दहा वाजता दोन मिनिटांचा भोंगा होतो, त्या वेळी प्रत्येकाजवळ कोण बसणार हे आदल्या दिवशी ठरलेलं असू दे. ट्रॉमाची, म्हणजे मनावरच्या जुन्या आघाताची, जाण ठेवून सेवा यावर प्रशिक्षणं होतात, जरूर कर, पण त्यातलं निम्मं काम नळ, रांग आणि दार यांचंच असतं.

आणखी एक ध्यानात घे. आज हयात असलेले बहुतेक जण तेव्हा मुलं होती. कोणी मठात, कोणी शेतकऱ्याच्या माळ्यावर लपलेलं. रडायचं नाही, खोकायचं नाही, खरं नाव सांगायचं नाही, एवढंच ज्यांनी बालपणी शिकून घेतलं. त्यामुळे कोपऱ्यातले जे आजोबा कधीच काही मागत नाहीत आणि ज्यांना सेंटरवर काम करणाऱ्या तुमच्या मुली 'किती गुणी' म्हणतात, त्यांच्याकडे सगळ्यात आधी लक्ष दे. विसराळूपणा वाढला की हिब्रू मागे पडून यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली) किंवा रुमानियन वर येते. आईच्या भाषेत दोन शब्द बोलणारं कोणी आठवड्यातून एकदा तरी यायला हवं.

आता बेनगाझीचे आजोबा. तिथल्या ज्यूंना १९४२मध्ये इटालियन राजवटीने वाळवंटातल्या जादोच्या छावणीत नेलं. सुमारे २,६०० माणसं होती, त्यांतली ५००हून अधिक उपासमारीने आणि टायफसने गेली. म्हणजे ते 'छावणीत' होते की नव्हते याचा निवाडा त्या बाईंनी करायचं कारण नाही. पण हा इतिहास तू सभेत वाचून दाखवू नकोस, बाई सगळ्यांसमोर खोट्या पडतील आणि उद्या त्या येणार नाहीत. तिथल्या तिथे एवढंच म्हण, "इथे कोणाच्या दुःखाचं वजन करत नाही." मग दोघांशी वेगवेगळं बोल.

खरं सांगू? हा वाद तुला इतका लागला यामागे दुसरंही काही असेल. 'तू खरा नाहीस' हे वाक्य तुमच्या घरात जुनं आहे. १९६४ साली बेने इस्रायली जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले होते, लग्नाच्या बाबतीत आपल्याला पुरते ज्यू मानावं म्हणून. आईबाबांना विचार, तो काळ त्यांना आठवत असेल. आजोबांची बाजू तुला त्या लेकीपेक्षा आतून कळते. तेवढ्यापुरतं तरी 'तुम्हाला काय कळणार' चुकलंच.

बाकी मात्र ती बरोबर आहे आणि तसं तिला सांग. "नाही कळत. आईंना काय चालत नाही ते तुम्ही मला लिहून द्या." ती रात्री उठून किंचाळणाऱ्या आईची लेक आहे, तिचं बालपण त्यातच गेलंय. तुझ्यावर ओरडली कारण तू समोर होतीस.

नुकसानभरपाईच्या फॉर्मांबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण ते असणारच. वाचलेल्यांना भरपाई मिळवून देणारी क्लेम्स कॉन्फरन्स ही संस्था आहे; तिच्या २०२४च्या अहवालात शोआतून वाचून हयात असलेल्यांचा जगभरातला आकडा सुमारे २,४५,००० होता, निम्मे जवळजवळ इस्रायलमध्ये. घरी मदतनीस मिळण्याचे पुष्कळ पैसे तिथून येतात आणि त्यासाठी माणसाला आपली कहाणी रकान्यांत भरावी लागते. ती एकदाच, एकाच माणसाने, चहा ठेवून विचारावी. मी इस्पितळात समाजसेविका होते तेव्हा एका म्हातारीला फॉर्म भरताना विचारलं, "मुलं किती?" ती म्हणाली, "आत्ताची, की सगळी?" मी पेन खाली ठेवलं. अजून तो रकाना दिसतो मला.

तुझी झोप. फायली घरी आणतेस ना? बंद. ऐकलेलं साठत जातं आणि सांडायला जागा लागते. तुमच्याकडे अमखा ही संस्था आहे, १९८७पासून हेच काम करते. 'अमखा' म्हणजे 'तुझे लोक'. युद्धानंतर अनोळखी गावात ज्यू एकमेकांना ओळखायला हा शब्द उच्चारत. त्यांच्याकडे मनाचं काम करणारे जाणते लोक आहेत. त्यांच्यापैकी कोणी महिन्यातून दोनदा तुझ्याशी आणि सेंटरमधल्या मुलींशी बसेल का, विचार. खर्चाची तरतूद नसेल तर बुधवारचं संगीत बंद कर, पण हे कर. (संगीतवाले मला शिव्या देतील. देऊ देत.)

आणि आजींकडे जा. न सांगता दार वाजवू नकोस, आधी फोन. फाइल नको, कोणाला बरोबर नको. "पाटी लावली, चुकलं" इतकंच म्हण, मुंग्यांचं काढू नकोस. पावही नेऊ नकोस, हिशेब चुकता करायला आल्यासारखं वाटेल. आईला गव्हाच्या चिकाचा हलवा करायला सांग, तो ने. कोशेरचं, म्हणजे ज्यूंच्या खाण्याच्या नियमांचं, तेवढं फोनवरच विचारून घे.

— मावशी