गाडीचे संपूर्ण डिटेलिंग : वेळ नेमका कुठे जातो?

प्रश्न : माझी मध्यम आकाराची काळ्या रंगाची गाडी सहा वर्षांची झाली आहे. आजवर ती बादली आणि फडक्यानेच धुतली गेली. आता एकदा आतून-बाहेरून पूर्ण डिटेलिंग करावे असे मनात आहे. चौकशी केली तेव्हा एकाने तीन तासांत गाडी परत देतो म्हणून सांगितले, तर दुसऱ्याने ती दोन दिवस ठेवून घ्यावी लागेल असे सांगितले. एवढी तफावत कशी? आणि हे काम मी स्वतः एका रविवारात उरकू शकेन का?

उत्तर : दोघेही खरे बोलत असावेत, फक्त दोघे एकाच कामाबद्दल बोलत नसावेत. गाडी नीट धुणे, आतून व्हॅक्यूम करणे, डॅशबोर्ड आणि काचा पुसणे आणि शेवटी मेणाचा एक हात देणे एवढे काम तीन तासांत होते आणि ज्या गाडीची निगा मुळातच चांगली राखली आहे तिला ते पुरतेही. मात्र काळ्या रंगावर उन्हात जे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात, ते या कामात निघत नाहीत. फार तर मेणाखाली काही धुण्यांपुरते झाकले जातात. ते खरोखर काढायचे असतील तर पॉलिशिंग करावे लागते आणि तेथून पुढे घड्याळाचा हिशेबच बदलतो.

सवय असलेल्या एकट्या माणसाला मध्यम आकाराच्या गाडीचे आतले आणि बाहेरचे काम, एका टप्प्याचे पॉलिशिंग धरून, साधारण १० ते १४ तास लागतात. रंगाची अवस्था वाईट असेल आणि आधी कंपाउंड, म्हणजे जास्त खरवडणारे जाडसर पॉलिश, मग बारीक पॉलिश असे दोन टप्पे करावे लागले तर दुसरा दिवस सहज लागतो. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने या वेळेची दुप्पट धरलेली बरी. म्हणून एका रविवारचा हट्ट सोडून एक रविवार आतल्या भागाला आणि एक बाहेरच्या भागाला द्यावा, असे मी सुचवीन.

बाहेरच्या कामात पहिला तास-दीड तास धुण्या-पुसण्यात जातो. सर्वांत जास्त घाण चाकांवर असते, म्हणून ती आधी आणि वेगळ्या ब्रशने धुवावीत. नंतर दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शांपूचे पाणी आणि दुसरीत मिट, म्हणजे गाडी धुण्याचा मऊ हातमोजा, खळबळण्यासाठी साधे पाणी. आपल्या गाडीवरचे ओरखडे बहुधा एकाच बादलीत पुन्हा पुन्हा बुडवलेल्या फडक्यातील धुळीच्या कणांनीच पाडलेले असावेत.

गाडी धुऊन झाली की एक सोपी परीक्षा करून पाहावी. हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोटे बॉनेटवरून हलकेच फिरवावीत. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा पत्रा बोटांना बारीक वाळू चिकटल्यासारखा खरखरीत लागतो. हे कण म्हणजे ब्रेकमधून उडालेली लोखंडाची पूड, डांबराचे ठिपके आणि झाडांचा चीक. लोखंड काढण्याचा फवारा मारला की काही मिनिटांत त्या जागी जांभळे ओघळ दिसू लागतात. ते वाळण्याआधी धुऊन टाकावेत आणि मग भरपूर निसरडे द्रावण मारून क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवावा. यालाही तास-दीड तास लागतो. क्लेचा तुकडा जमिनीवर पडला तर तो कितीही नवा असला तरी टाकून द्यावा, कारण त्यात रुतलेला एकच खडा तासाभराच्या मेहनतीवर पाणी फिरवतो.

यानंतर काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, रबर आणि दिव्यांच्या कडांवर मास्किंग टेप लावण्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा. हा अर्धा तास वाचवण्याचा शहाणपणा मी एकदा केला होता. पॉलिशचे पांढरे डाग खडबडीत प्लास्टिकच्या खाचांत असे बसले की ते टूथब्रशने घासून काढताना पुढचा सव्वा तास गेला.

पॉलिशिंगचा हिशेब अगदी साधा आहे. मशीन एका वेळी सुमारे दीड फूट लांब आणि तेवढ्याच रुंद चौकोनावर चालवायचे. त्यावर आडवे-उभे चार ते सहा फेरे, मग मायक्रोफायबरने पुसणे, दिवा तिरका धरून पाहणे आणि मशीनला लावलेली मऊ चकती, म्हणजे पॅड, ब्रशने साफ करणे, असे मिळून एका चौकोनाला पाच मिनिटे तरी जातात. मध्यम गाडीवर असे चाळीसएक चौकोन निघतात. म्हणजे काहीही न चुकता आणि मध्ये पाठ न टेकता सव्वातीन ते साडेतीन तास एका टप्प्याला लागतात. दरवाजाचा खालचा भाग गुडघे टेकून करावा लागतो आणि घाई नेमकी तिथेच होते. सुरुवातीला बॉनेटच्या एकाच चौकोनावर पॅड आणि पॉलिशची जोडी पारखून घ्यावी. त्यात अर्धा तास जातो, पण काही गाड्यांचा रंग मऊ असतो तर काहींचा कमालीचा कठीण, आणि ते हात लावल्याशिवाय कळत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगावी. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केससुद्धा बहुधा त्याहून जाड भरतो. पॉलिशिंग म्हणजे त्याच थराचा अगदी थोडा अंश खरवडणे. त्यामुळे ज्या ओरखड्यात नख अडकते, त्याच्या मागे लागू नये. तो राहू द्यावा. त्यावर घालवलेला तास फुकट जातो आणि थरही पातळ होतो.

प्रश्न : मी घरी सीट शांपूने धुतल्या. दुसऱ्या दिवशी गाडीत कुबट वास येऊ लागला. काय चुकले? आणि आतल्या कामाला एरवी किती वेळ द्यावा?

उत्तर : पाणी जास्त झाले आणि वाळायला वेळ कमी मिळाला. कापडाखालचा फोम पाणी शोषून घेतो; वरचे कापड हाताला कोरडे लागले तरी आत ओल राहते आणि वास त्या ओलीचा असतो. फेस कमीत कमी पाण्यात करावा, ब्रशने घासावे आणि ओले शोषणाऱ्या व्हॅक्यूमने पाणी ओढून घ्यावे. त्यानंतरही दारे उघडी ठेवून पंख्याच्या वाऱ्यावर सीट वाळायला चार ते आठ तास लागतात, दमट हवेत त्याहून जास्त. म्हणून सीटचे काम सकाळी पहिले घ्यावे आणि त्या वाळत असताना दारांच्या कडा, डिकी आणि काचा उरकाव्यात. आता पुन्हा न धुता फक्त कोमट पाण्याचा हलका हात देऊन ते पाणी व्हॅक्यूमने ओढावे आणि गाडी दिवसभर उघडी ठेवावी.

वाळण्याचा वेळ सोडला तर आतल्या कामाला तीन ते पाच तास धरावेत. त्यातला जवळजवळ तास एकट्या व्हॅक्यूमला जातो, कारण सीट आधी पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे सरकवून रुळांमधील कचरा काढावा लागतो. गालिच्यात वाळू किंवा पाळीव प्राण्याचे केस असतील तर आणखी एक-दोन तास गृहीत धरावेत.

प्रश्न : सिरॅमिक कोटिंग लावल्यावर गाडी त्याच दिवशी का मिळत नाही?

उत्तर : हे कोटिंग, म्हणजे रंगावर बसून कडक होणारा पातळ संरक्षक थर, लावायला दोन-तीन तासच लागतात. त्याआधी पॉलिशचे तेल अल्कोहोलयुक्त द्रावणाने पुसून काढावे लागते, नाहीतर कोटिंग रंगाला धरत नाही. मग एकेका छोट्या भागावर ते लावायचे, थोडे थांबायचे आणि उरलेले पुसून सारखे करायचे. खरा वेळ त्यानंतर लागतो. बहुतेक कोटिंगना पहिले १२ ते २४ तास पाण्याचा थेंबही चालत नाही आणि पुढचा सुमारे आठवडाभर गाडी शांपूने धुवायची नसते. नेमका काळ बाटलीवर दिलेला असतो, तोच पाळावा. पहिला दिवस उलटल्यावर त्या आठवड्यात पक्ष्याची विष्ठा पडलीच, तर आठवडा सरण्याची वाट न पाहता ओलसर मायक्रोफायबर त्यावर मिनिटभर ठेवावे आणि न घासता ती उचलून घ्यावी.