रात्री चार वेळा उठणारे बाबा

प्रश्न : ताई, माझे बाबा ८१ वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, माझ्याकडेच असतात. दिवसा फारसा त्रास नसतो, रात्र मात्र जीव काढते. चार-चार वेळा लघवीला उठतात. एकदा बाथरूमच्या दारात पडले, तेव्हापासून मी त्यांच्याच खोलीत झोपते आणि सकाळी कामावर जाते. दादा परगावी असतो, दर रविवारी फोन करून बाबांचं काय करावं ते मला सांगतो. गेल्या आठवड्यात पहाटे तीनला चादर ओली झाली आणि मी ओरडले, "मुद्दाम करता का हो?" ते काहीच बोलले नाहीत. त्या दिवसापासून संध्याकाळनंतर पाण्याला तोंड लावत नाहीत. मी इतकी वाईट आहे का?

उत्तर : नाही. पण तुमच्या ओरडण्याकडे नंतर येते, आधी पाण्याचं बघू.

म्हातारपणी तहान मुळातच कमी लागते. त्यात पाणी तोडलं की बद्धकोष्ठ होतं, उठताना घेरी येते, माणूस गोंधळतो, आणि लघवी दाट होऊन जास्तच टोचते. त्यामुळे पाणी कमी करू नका, त्याच्या वेळा अलीकडे ओढा. दिवसभरात पोटभर पाणी जाऊ दे आणि झोपायच्या आधीचे दोन तास हात आखडा. (हृदयासाठी किंवा किडनीसाठी डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.)

आता आज संध्याकाळी एक करा. बाबांच्या नडगीवर अंगठा दाबून ठेवा आणि उचला. खळगा राहतो का? दिवसभर खुर्चीत बसून पायांत उतरलेलं पाणी आडवं पडल्यावर रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं नेमकी रात्री कामाला लागतात. दुपारी तासभर पाय उशीवर घेऊन पडले, तर हे पाणी दिवसाच निघून जायला मदत होते. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांत लघवीची गोळी आहे का आणि ती कधी घेतात, हेही डॉक्टरांना विचारा. वेळ आपल्या मनाने मात्र बदलू नका. प्रोस्टेट आणि साखर तपासली जाईलच. जाताना तीन दिवसांची नोंद न्या : किती वाजता उठले, मापाच्या भांड्यात किती झाली. "फार वेळा उठतात" या तक्रारीपेक्षा तो कागद डॉक्टरांच्या जास्त उपयोगाचा. ताप, जळजळ किंवा एकाएकी भ्रम दिसला, तर नोंदी करत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

पडण्याचं म्हणाल तर प्रेशर एकदा झोपवून आणि एकदा उभं करून मोजायला सांगा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा जास्त खाली येत असेल, तर घेरीचं कारण तिथेच सापडायचा संभव आहे. तोवर पलंगाच्या कडेला बसून, पाय हलवून, मगच उठायचं.

आता तुमचं. मी माझ्या आईचं सहा वर्षं केलं. एका रात्री मी कपाटाचं दार इतक्या जोरात आपटलं की त्याची बिजागरी निखळली. ती पुढे कुणी दुरुस्तही केली नाही, रोज डोळ्यांसमोर लोंबत होती. वृद्धत्वाचे अभ्यासक स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये घरच्या माणसाचं करणाऱ्यांसाठी एक प्रश्नावली मांडली. तिची २२ प्रश्नांची आवृत्ती आजही वापरतात. त्या माणसाजवळ असताना राग येतो का, आपण आणखी करायला हवं असं वाटतं का, हे दोन्ही त्यात विचारलेलं आहे. राग आणि अपराधीपणा एकाच कागदावर! मला ती फार उशिरा कळली, नाहीतर बिजागरी वाचली असती.

दादाला "जरा लक्ष दे" म्हणू नका. त्यातून रविवारचे फोनच मिळतात. एक अख्खं काम त्याच्या नावावर करा : औषधं संपायच्या आत मागवणं, डॉक्टरांची वेळ घेणं, रिपोर्ट सांभाळणं. त्यात तुम्ही आठवणसुद्धा करायची नाही. आठवड्यातल्या दोन रात्रींसाठी माणूस ठेवायचा, तो त्याने शोधायचा आणि पैसेही त्यानेच द्यायचे. शिवाय अधूनमधून चार रात्री येऊन बाबांच्या खोलीत झोपायचं. माझा भाऊ असाच आला होता. तिसऱ्या सकाळी चहा पिताना डुलकी लागून त्याने कप सांडला. त्यानंतर फोनवरचे सल्ले बंद झाले, ते कायमचे.

राहिले बाबा. "त्या रात्री माझं चुकलं" एवढं म्हणा, लांबण लावू नका. मग त्यांनाच विचारा, रात्री काय सोयीचं पडेल? माझ्या आईने उशाशी ठेवलेली घंटा कधी वाजवली नाही, "तुला कशाला उठवू" म्हणायची आणि एकटीच निघायची. बेडपॅनलाही आठ महिने हात लावला नाही. शेवटी मी जागा तिलाच ठरवायला सांगितली. तिने पलंगाखालचं स्टूल दाखवलं आणि वर टाकायला आपलाच एक जुना रुमाल काढून दिला.