शाळेची भिंत कुठल्याच देवाला नको, आपल्याही नाही

या महिन्यात बरीच पत्रं आली, पण टेक्सासहून आलेलं एक पत्र वाचलं आणि बाकीची बाजूला ठेवली. सही आहे ‘वाशीची लेक’. ती लिहिते:

‘मावशी, मुलगी चौथीत आहे. यंदा तिच्या वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचं पोस्टर लावलंय. माझ्याशिवाय दुसरा देव मानू नकोस, असं त्यात लिहिलंय. घरी येऊन विचारते, आई, मग आपला गणपती चुकीचा का? मला रडूच आलं. हे म्हणतात, शेजारी गीतेचा श्लोक लावा म्हणून अर्ज करू. मला जास्त वाईट याचं वाटतं की आपल्याकडे असं कधी नव्हतं. बाबा महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. तिथे दर वर्षी सत्यनारायण व्हायचा, सगळी मुलं प्रसाद घ्यायची, कुणाचं काही म्हणणं नसायचं. ते संस्कार होते. इथे सक्ती आहे.’

आधी लेकीचं बघू. तिला आजच जवळ घेऊन सांग की आपला गणपती चुकीचा नाही आणि तिच्या मैत्रिणीचा येशूही चुकीचा नाही. कोणता देव खरा हे ठरवायचं काम शाळेचं नाही, सरकारचं तर नाहीच. चौथीतल्या मुलीला एवढं कळतं. माझ्या मुलाला कळलं होतं. न्यू जर्सीत त्याचा बास्केटबॉलचा कोच सामन्याआधी मुलांना गोल उभं करून येशूची प्रार्थना म्हणायला लावायचा. आम्ही मुख्याध्यापकांना चार ओळींचं साधं पत्र दिलं आणि ते थांबलं. कोचनं मुलावर डूख धरला नाही, संघातूनही काढलं नाही. त्यामुळे ‘उगाच डोळ्यावर येऊ’ ही आपल्या लोकांची नेहमीची भीती तू बाळगू नकोस.

तुझ्या हातात काय आहे ते आता ऐक. वर्गावर्गात दहा आज्ञा लावायला सांगणारा टेक्सासचा हा कायदा २०२५ चा, त्याच्या आदल्या वर्षी लुइझियानानं तसाच केला होता. टेक्सासमधल्या काही शाळा-जिल्ह्यांपुरता तो फेडरल न्यायाधीशांनी रोखला. कोर्टात गेलेल्या पालकांमध्ये ख्रिस्ती होते, ज्यू होते, हिंदू होते आणि कुठलाच धर्म न मानणारेही होते. तुझा जिल्हा त्यात येतो का आणि ती मनाई अजून टिकून आहे का, ते पहिल्यांदा तपास. येत नसेल तर मुख्याध्यापकांना लिही, स्कूल बोर्डाच्या बैठकीत बोलायची वेळ माग, आणि जाताना शेजारची एखादी ख्रिस्ती आई बरोबर ने. अशा खूप जणी तुला भेटतील. आपला धर्म सरकारी कागदावर छापला जाणं त्यांनाही नको असतं. बोलताना दोन सालं तोंडपाठ ठेव. १९६२ साली न्यू यॉर्कच्या शाळांमधली प्रार्थना सुप्रीम कोर्टानं घटनाबाह्य ठरवली. ती अवघ्या २२ शब्दांची होती, कुठल्या पंथाचं नाव नव्हतं, ज्याला नको त्यानं म्हणू नये अशी सूटही होती. तरी कोर्टानं सांगितलं की प्रार्थना लिहून देणं हे सरकारचं कामच नव्हे. आणि १९८० साली केंटकीतल्या वर्गांमधल्या याच दहा आज्ञा त्याच कोर्टानं उतरवायला लावल्या. २०२२ मध्ये मात्र मैदानावर प्रार्थना करणाऱ्या एका फुटबॉल कोचच्या बाजूनं निकाल गेला, म्हणजे वारं बदलतंय. म्हणूनच घरी बसून रडण्यापेक्षा बैठकीला जा.

आता तुझ्या यजमानांचा गीतेचा श्लोक. त्यांना माझा निरोप दे, हा अर्ज करू नका. शेजारी श्लोक लागला की पुढच्या महिन्यात कुराणाची आयत येईल, मग गुरुबानी, आणि कोणाचं वर, कोणाचं खाली हे बोर्डाचे निवडून आलेले सदस्य मतं मोजून ठरवतील. त्या मोजणीत आपण टेक्सासमध्ये कितीसे आहोत? २००७ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये पहिल्यांदा हिंदू प्रार्थना झाली. हिंदू पुरोहित राजन झेद प्रार्थना म्हणायला उभे राहिले आणि वरच्या गॅलरीतून आरडाओरडा सुरू झाला. ओरडणाऱ्यांना अटक झाली, प्रार्थना पुरी झाली. आपल्या लोकांनी अभिमानानं तो व्हिडिओ एकमेकांना पाठवला. मला मात्र तेव्हापासून वाटत आलंय की सरकारी व्यासपीठावर देवाला वाटा मिळाला की त्याच्यापुढे अपमानही वाढून येतो. घरच्या देव्हाऱ्यात गणपतीवर असं कोण ओरडलं असतं?

आणि आता मुली, तुझ्या त्या वाक्याकडे येते. रागावू नकोस. ‘कुणाचं काही म्हणणं नसायचं.’ कुणाचं? तू मुख्याध्यापकांची मुलगी. तुझ्या कानावर ते कोण घालणार होतं?

मी ठाण्यात नौपाड्यात वाढले. वर्गात माझ्या बाकावर टेंभी नाक्याजवळ राहणारी एक बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू समाजातली, मुलगी बसायची. तिथलं त्यांचं सिनेगॉग १८७९ सालचं आहे. आमच्यासारखंच मराठी बोलणारी, मंगळागौरीची गाणी माझ्यापेक्षा जास्त पाठ असणारी मुलगी. शाळेत पूजा झाली की प्रसादाचा शिरा सगळ्यांच्या हातावर पडायचा. ती ‘नको’ म्हणायची नाही. वहीचं मागचं पान फाडायची, शिरा त्यात बांधायची आणि घरी जाताना मासुंदा तलावाशी पोचलो की पुडी माझ्या हातात द्यायची. मूर्तीपुढे ठेवलेलं त्यांच्यात खात नाहीत. बाईंना ते कधी कळलं नाही, कारण तिनं कधी सांगितलं नाही. विचारलं असतं तर बाईंनीही हेच म्हटलं असतं, कुणाचं काही म्हणणं नाही. तुझ्या लेकीच्या वर्गातल्या टीचरनाही आज तसंच वाटत असेल.

आपल्या घटनेनं हे सगळं आधीच ओळखलंय. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला पूजेला बसवता येत नाही; हे कलम २८. एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कुणावर कर लादता येत नाही. हे कलम २७. सत्यनारायण म्हणजे शिक्षण की नुसती प्रथा, यावर वकील शब्दांचा कीस काढतील, काढू देत. तुझ्या मुलीला पोस्टरखाली बसून जे वाटतं तेच तुझ्या बाबांच्या शाळेत कुणाला तरी वाटलं असणार.

आपल्याकडचं सरकार अमेरिकेसारखं धर्मापासून हात झटकून उभं नाही, हे मला ठाऊक आहे. पंढरपूरचं देऊळ १९७३ च्या कायद्यानं सरकारी समितीकडे गेलं, आषाढीची शासकीय महापूजा मुख्यमंत्री करतात. अस्पृश्यता घटनेनंच बंद केली, तीही धर्मात हात घालूनच, आणि ते फार बरं झालं. देवळातल्या पैशाचा हिशेब सरकारनं जरूर मागावा, दलिताला गाभाऱ्यात जाऊ दिलं नाही तर जरूर दार उघडावं. पण आरतीचं ताट सरकारच्या हातात नको. विठ्ठलाची पूजा करायला वारकरी पुरेसे आहेत.

हे काही मी परदेशातून उचलून आणलेलं खूळ नाही. माझे वडील ठाण्यातल्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. सोमवारी कौपिनेश्वराचं दर्शन चुकवायचे नाहीत, सकाळची संध्या कधी सोडली नाही. पण कचेरीतल्या टेबलाच्या काचेखाली सगळ्यांसारखा देवाचा फोटो त्यांनी कधी ठेवला नाही. म्हणायचे, टेबल सरकारचं आहे, दाखल्याला आलेल्या माणसानं माझा देव कोण ते कशाला बघायचं. आणि ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांचंच ऐकायचं तर न्यायमूर्ती अभय ओक बघ. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात वडिलांच्या हाताखाली वकिली सुरू केलेला हा माणूस. ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर रस्त्यावरचे मांडव आणि लाउडस्पीकर यांच्याविरुद्ध हायकोर्टात गेले होते. २०१६ साली ओकांच्या खंडपीठानं निकाल दिला की लाउडस्पीकर लावणं हा कुठल्याच धर्माचा मूलभूत हक्क नाही. देवळालाही नाही आणि मशिदीलाही नाही. पुढे २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या न्यायालयाच्या नव्या इमारतीच्या समारंभात, सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती असताना, ते म्हणाले की कोर्टाच्या कार्यक्रमात पूजाअर्चा थांबवावी आणि घटनेच्या प्रास्ताविकेपुढे मान लववावी. माझ्या घरी दीड दिवसाचा गणपती येतो, तरी मला ते शंभर टक्के पटलं.

तेव्हा बाबांशी फोनवर बोल. भांडायला नाही, विचारायला. त्यांच्या शाळेत मुसलमान मुलं किती होती, बौद्ध किती होती, पूजेच्या दिवशी कोण गैरहजर असायचं. मुख्याध्यापकांना हजेरी आठवते. आणि मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुझ्या टेक्सासच्या लढ्याला अंगठे देणारे लोक इकडच्या कचेरीतल्या पूजेचे फोटो आले की हात जोडतात, त्यांनाही एकदा विचार. तिथे ‘सरकारनं धर्मात पडू नये’ आणि ठाण्याला आलं की ‘आपलीच तर संस्कृती आहे’, असं दोन्हीकडे चालत नाही गं. आपण ज्या देशात थोडे, तिथे जे मागतो, ते आपण जिथे पुष्कळ, तिथे द्यायला हवं.

तुझे बाकीचे प्रश्न. मुलगी मराठीत उत्तर देत नाही, इंग्रजीतच बोलते: तू मराठीतच बोलत राहा आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेली मराठी शाळा जवळ असेल तर नाव घाल. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) मुलीचा पासपोर्ट बदलला की दर वेळी नवं काढावं लागत नाही. विसाव्या वर्षानंतर नवा पासपोर्ट आला की एकदा काढायचं, मधल्या काळात नवा पासपोर्ट आणि फोटो वेबसाइटवर चढवायचे. आई थंडीत यायला तयार नाही, तर एप्रिलमध्ये बोलाव. पासष्टीच्या बाईला जानेवारीत विमानात बसवायचा हट्ट कशाला? वाशीच्या फ्लॅटच्या नॉमिनेशनचं सोसायटीच्या सेक्रेटरींना विचार, ते काम फोनवर होत नाही, पुढच्या फेरीत स्वतः जाऊन कर.