माझे अशील नेमके कोण? : कंपन्यांचे खटले आणि क्लास ॲक्शनच्या वकिलीबद्दल तुमचे प्रश्न

मागे एकदा ओघात मी लिहून गेले होते, की माझ्या बहुतेक अशिलांना मी कधी पाहिलेलंच नाही. त्यावर बरीच पत्रं आली. काहींना ती थट्टा वाटली, पण मी शब्दशः खरं लिहिलं होतं. सुरुवातीची बरीच वर्षं मी कंपन्यांच्या बाजूने उभी राहिले, नंतर दावा लावणाऱ्यांच्या बाजूने. कंपनीला चेहरा नसतो आणि क्लास ॲक्शनमध्ये चेहरे इतके असतात की एकही धड ओळखीचा होत नाही. तर पत्रांतले निवडक प्रश्न घेते.

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. वक्तृत्वाची बरीच बक्षिसं मिळवली आहेत. मोठ्या कॉर्पोरेट खटल्यांत कोर्टापुढे उभं राहायला किती वर्षं लागतील?

बक्षिसं जपून ठेवा. उपयोगी पडतील, पण तुम्हाला वाटतंय तिथे नाही.

क्लास ॲक्शन म्हणजे एकाने किंवा मोजक्यांनी, त्याच तक्रारीच्या हजारो लोकांच्या वतीने लढवलेला दावा. या हजारोंना मिळून ‘वर्ग’ म्हणतात. अमेरिकेत तो फेडरल दिवाणी नियमांपैकी नियम २३ खाली चालतो आणि त्याचं आजचं रूप मुख्यतः १९६६ च्या सुधारणेतून आलेलं आहे. खरी लढाई साक्षीपुराव्याच्या आधीच होते. न्यायाधीश आधी तपासतात की माणसं पुरेशी आहेत का, प्रश्न सामाईक आहे का, पुढे उभा राहिलेला माणूस बाकीच्यांसारखाच आहे का आणि तो व त्याचे वकील सगळ्यांचं हित नीट सांभाळतील का. नुकसानभरपाई मागायची असेल तर याखेरीज आणखी कसोट्या असतात. वर्गाला मान्यता मिळाली की बहुतेक कंपन्या तडजोडीच्या टेबलावर येतात. मान्यता नाकारली की दावा बहुधा तिथेच आटोपतो, कारण एकेकट्याच्या छोट्या रकमेसाठी कुणी वकील लावत नाही.

वॉलमार्टचं प्रकरण घ्या. सुमारे १५ लाख महिला कर्मचाऱ्यांच्या वतीने भेदभावाचा दावा होता. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वर्गच अमान्य केला. भेदभाव झाला की नाही, हा निकाल तिथे लागलाच नाही. हजारो दुकानांतल्या वेगवेगळ्या मॅनेजरांच्या निर्णयांना बांधणारा एक समान धागा दाखवता आला नाही, म्हणून बायकांचा तो एवढा मोठा वर्ग सुटा झाला. अशा निर्णयामागे कोर्टातला तासाभराचा युक्तिवाद असतो आणि त्याच्या मागे काही वर्षांचा कागद.

वक्तृत्व कुठे लागतं? बंद खोलीत, संचालक मंडळापुढे, ‘तुम्ही हरणार आहात, आत्ताच मिटवा’ हे सांगताना. तिथे टाळ्या पडत नाहीत.

तीन वर्षं झाली, एका फर्ममध्ये फक्त डॉक्युमेंट रिव्ह्यू करतो आहे. ईमेल उघडायची, ‘संबंधित’ किंवा ‘असंबंधित’ असा शिक्का मारायचा, पुढची उघडायची. माझी वकिली फुकट चालली आहे का?

तुमचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटला, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्युनियर असताना मी एका ईमेलवर ‘असंबंधित’ असा शिक्का मारला होता. मजकूर एवढाच होता: ‘उद्या फोनवर बोलू.’ दिवसाला शेकडो ईमेल संपवायच्या असतात, त्यात ही कोण बघतो? संध्याकाळी माझ्या सिनियरने ती छापून माझ्यापुढे ठेवली, खाली तिच्या आधीची ईमेलही जोडून. आधीच्या ईमेलला मालातल्या दोषाचा चाचणी अहवाल जोडलेला होता. म्हणजे अहवाल हातात पडल्यावर साहेबांनी काय केलं, तर लेखी उत्तर टाळलं. त्या तीन शब्दांवर पुढे अख्खी उलटतपासणी उभी राहिली. सिनियर रागावले नाहीत. ‘कागद सुटा वाचायचा नसतो,’ एवढंच म्हणाले आणि छत्री घेऊन निघून गेले.

तेव्हापासून मी तीन रकान्यांचा तक्ता ठेवते: तारीख, कुणाला काय कळलं, कशावरून. ईमेलच्या मजकुराइतकीच तिची सीसीची ओळ वाचते. सहा महिने प्रत्येक पत्रव्यवहारात असलेला गुणवत्ता विभागाचा माणूस एका तारखेपासून अचानक सीसीमधून गायब झाला, तर त्या आठवड्यात काहीतरी घडलेलं असतं. मीटिंगचं निमंत्रण आहे पण इतिवृत्त नाही, हीही एक नोंद. हे शोधणाऱ्याला कॉन्फरन्सला, म्हणजे मोठ्या वकिलाबरोबरच्या बैठकीला, बोलवावंच लागतं, कारण सिनियर कौन्सेलने ‘सगळ्यात आधी कुणाला कळलं होतं?’ असं विचारल्यावर उत्तर त्याच्याकडेच असतं.

कागद जपणं तर त्याहून नाजूक काम. न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टातलं झुबुलेक विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग हे एका बँकेविरुद्धचं प्रकरण प्रत्येक ज्युनियरने वाचावं. दाव्याची चाहूल लागल्यावरही ईमेल पुसल्या गेल्या होत्या. २००४ च्या आदेशात न्यायाधीशांनी बजावलं की ‘काही पुसू नका’ असा निरोप धाडून वकिलाची सुटका होत नाही, तो पाळला जातो का हेही त्यालाच पाहावं लागतं. पुढच्या वर्षी ज्युरीने बँकेविरुद्ध सुमारे २.९ कोटी डॉलरचा निकाल दिला. नसलेल्या कागदांचा बँकेच्या विरुद्ध जाणारा अर्थ काढायची मुभा ज्युरीला मिळालेली होती.

पहिली चाळणी आता सॉफ्टवेअर करतं. २०१२ पासून अमेरिकन कोर्टांनी त्याला मान्यता दिलेली आहे, तेव्हा नुसते शिक्के मारण्याचं काम आटत जाणार. तक्ता मांडणाऱ्याचं काम आटणार नाही. या सोमवारी एका विषयाचा कालक्रम, कुणी न मागता, दोन पानांत लिहा आणि सिनियरच्या टेबलावर ठेवा. दोन-तीनदा ठेवूनही त्याने वाचला नाही, तर फर्म बदला.

आमच्या कंपनीविरुद्ध चौकशी चालू आहे. कंपनीच्या वकीलबाईंनी माझी दोन तास मुलाखत घेतली. फार आपुलकीने बोलल्या. त्यांना मी सगळं मोकळेपणाने सांगितलं. ते गुप्त राहील ना?

कंपनीला हवं तोवर राहील.

ऐकायला बरं वाटणार नाही, पण त्या तुमच्या वकील नाहीत. १९८१ च्या अपजॉन प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कर्मचारी आणि कंपनीचे वकील यांच्यातल्या बोलण्याला संरक्षण दिलं खरं, पण ते संरक्षण कंपनीचं. उद्या संचालक मंडळाला वाटलं की सरकारी यंत्रणेशी सहकार्य करण्यातच शहाणपण आहे, तर तुमचं बोलणं ते त्यांच्या हवाली करू शकतात आणि तुम्हाला विचारायचीही गरज नाही. म्हणून मुलाखतीच्या सुरुवातीलाच हे सांगायची पद्धत पडली. आमच्यात त्याला ‘अपजॉन द्यायचा’ म्हणतात. तुम्हाला सांगितलं होतं का? बहुधा पहिल्या दोन मिनिटांत, पाण्याचा ग्लास पुढे करता करता सांगितलं असेल आणि तुम्ही मान डोलावली असेल.

देशागणिक नियम वेगळे आहेत, पण हे सूत्र जवळपास सगळीकडे सारखं. आता पुढच्या मुलाखतीआधी स्वतःचा वकील गाठा आणि काहीही पुसू नका.

वकील होऊ पाहणाऱ्यांनीही यातून एक घ्यावं. कंपनीच्या वकिलाला रोज फोन करणारा, बिल मंजूर करणारा, सोबत चहा पिणारा माणूस म्हणजे अशील नव्हे. मॅनेजिंग डायरेक्टर एक दिवस दार लोटून म्हणतात, ‘हे आपल्या दोघांतच राहू दे.’ त्याच क्षणी, वाक्य पुरं व्हायच्या आत थांबवून, ‘नाही, मला हे मंडळापुढे ठेवावं लागेल’ असं म्हणता आलं पाहिजे. मला पहिल्या वेळी जमलं नव्हतं. महिनाभर झोप लागली नाही आणि शेवटी मंडळापुढे जावंच लागलं, तेही उशिरा.

परदेशातल्या एका कंपनीचे थोडे शेअर माझ्याकडे आहेत. एक नोटीस आली की मी म्हणे एका दाव्याचा ‘सभासद’ आहे आणि तडजोड झाली आहे. मी कुणालाच वकीलपत्र दिलेलं नाही. ही फसवणूक तर नाही?

नोटिशीतला कोर्टाचा आणि प्रकरणाचा क्रमांक कोर्टाच्या अधिकृत नोंदीत पडताळून पाहा. बनावट नोटिसाही फिरतात. पैसे मिळवण्यासाठी आधी पैसे भरा असं कुणी म्हणालं, तर ती फसवणूकच.

नोटीस खरी असेल तर गोंधळू नका. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा इथल्या पद्धतीत व्याख्येत बसणारा माणूस आपोआप वर्गात येतो. नको असेल तर त्याने मुदतीत बाहेर पडायचं. आत राहिलात तर तडजोड तुम्हाला बांधील आणि त्याच कारणासाठी नंतर वेगळा दावा लावता येणार नाही. पैसे हवे असतील तर बहुतेक वेळा क्लेम फॉर्म भरावा लागतो, आणि तो न भरणारेच फार असतात.

तिसरी वाट म्हणजे हरकत. तडजोड न्याय्य, वाजवी आणि पुरेशी आहे अशी खात्री न्यायाधीशाला करून घ्यावी लागते, कारण वकिलाची फी आणि तुमचं हित यांत ताण असतो. लोकांना पुढच्या खरेदीवरची कूपनं आणि वकिलांना रोख रक्कम, असे प्रकार इतके झाले की २००५ च्या कायद्याने अमेरिकेत कूपनांवरच्या फीला लगाम घातला. मी स्वतः केलेल्या एका तडजोडीवर कुणीतरी वहीच्या पानावर, पेन्सिलीने, हरकत पाठवली होती: ‘नोटिशीतला चौथा परिच्छेद मला समजला नाही, म्हणजे इतरांनाही समजला नसेल.’ न्यायाधीशांनी ते पान मोठ्याने वाचलं आणि आम्हाला नोटीस पुन्हा काढायला लावली. माझा राग गाडीत बसेपर्यंत टिकला. मग मी तो परिच्छेद पुन्हा वाचला आणि मलाही तो एका वाचनात समजला नाही.

कंपन्यांची बाजू घ्यावी की दावा लावणाऱ्यांची? पैसा कशात आहे?

कंपनीच्या बाजूला तासाचं बिल, नियमित पगार, मोठी टीम. दावा लावणाऱ्यांच्या बाजूला अमेरिकेत जिंकलात तरच फी. काही कोर्टांत मिळालेल्या रकमेच्या २५ टक्क्यांपासून हिशेब सुरू होतो. पण तोवर तज्ज्ञांचा, साक्षींचा, कागदपत्रांचा खर्च फर्मच्या खिशातून, पाच-सात वर्षं. हरलात तर सगळं पाण्यात. भारतात निकालात वाटा ठरवून फी घेणं वकिलांना नियमानेच मना आहे. ऑस्ट्रेलियात खर्च उचलणाऱ्या त्रयस्थ कंपन्या आहेत, त्यांना तिथल्या हाय कोर्टाने (तिथलं ते सर्वोच्च न्यायालय) २००६ मध्ये मोकळीक दिली.

बाजू बदलणाऱ्याला जुन्या अशिलांची गुपितं आयुष्यभर पोटात ठेवावी लागतात आणि हितसंबंधांच्या तपासणीत (नवं प्रकरण जुन्या अशिलाच्या विरोधात जातं का, हे पाहतात) चांगली प्रकरणं हातची जातात. माझीही गेली आहेत. तरी दोन्ही बाजू पाहिल्याचा मला पश्चात्ताप नाही. समोरच्याची भीती कशात आहे हे आतून माहीत असतं.

भारतात क्लास ॲक्शन आहे का?

आहे. सत्यमचा घोटाळा जानेवारी २००९ मध्ये उघड झाला, तेव्हा अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांनी सामूहिक दाव्यात कंपनीकडून १२.५ कोटी डॉलर मिळवले. इथल्या भागधारकांना तसं साधनच नव्हतं. त्यानंतर कंपनी कायदा २०१३ मध्ये कलम २४५ आलं आणि ते १ जून २०१६ पासून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे लागू झालं. ग्राहकांसाठी वेगळी तरतूद ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. कलम २४५ चा वापर मात्र फार थोडा. फी निकालाशी बांधता येत नाही, मग वर्षानुवर्षं खर्च कोण सोसणार?

बेचाळीस वर्षांची आहे, पुढच्या वर्षी सिनियर पार्टनर होईन. आतून धास्ती वाटते. ज्युनियर आणि सिनियर यांच्या कामात खरा फरक काय?

ज्युनियर असताना आलेलं काम नीट करायचं असतं. सिनियर झाल्यावर आलेली बरीच कामं घ्यायचीच नसतात. लोक चिडलेले आहेत, कंपनी चुकली आहे, पण नुकसान प्रत्येकाचं वेगळं आहे आणि एका सूत्राने मोजता येत नाही, अशी प्रकरणं महिन्यातून दोनदा तरी येतात. ती परत पाठवताना वाईट वाटतं. उलटतपासणी स्वतः न घेता तक्ता मांडणाऱ्या ज्युनियरला द्यायची आणि मागे गप्प बसायचं, हे तर फारच अवघड. पहिल्यांदा मी टेबलाखाली स्वतःचा हात धरून ठेवला होता.

धास्तीवर माझ्याकडे औषध नाही, एक सवय आहे. वर्गातल्या लोकांसाठी एक फोन क्रमांक असतो, तो कॉल सेंटरवर जातो. आठवड्यातून एक तास मी तो स्वतः उचलते. गेल्या मंगळवारी एका आजींचा फोन आला. पैसे कधी मिळतील, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वर्षभर तरी नाही. त्या जरा थांबल्या, मग माझं नाव विचारलं, आडनाव दोनदा सांगायला लावलं आणि म्हणाल्या, ‘थांबा हं, लिहून घेते.’